म्युन्स्टरचा शिंपी-राजा: नाटकात त्याला येडाच दाखवायचा का?

विंगेतला: जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरावर नाटक म्हटलं की १५३४ मध्ये ते शहर ताब्यात घेतलेले ते पुनर्बाप्तिस्मावाले, म्हणजे मोठेपणी परत बाप्तिस्मा घेणारे ख्रिस्ती, डोळे गरागरा फिरवत जगबुडी आली म्हणून बोंबलणार आणि आपण खुर्चीत बसून शहाणे, मला याचा जाम वैताग येतो. माणसं घरदार सोडून त्या शहरात का आली ते दाखवा ना. मोठेपणी परत बाप्तिस्मा घेतला तर देहदंड, असा पवित्र रोमन साम्राज्याचा कायदाच होता १५२९ पासून. त्यांचा पुढारी मथायस म्हणाला ईस्टरला जग संपणार, ईस्टर आला, शहराला तिथल्या बिशपच्या सैन्याचा वेढा, आणि हा मूठभर माणसं घेऊन तटाबाहेर पडला आणि मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातली माणसं एकमेकांशी काय बोलली असतील? नाटक तिथे आहे राव.

तिसरी घंटा: बोलली असतील कसली, वर्ष सव्वा वर्ष तशीच राहिली, आणि मथायसच्या जागी आलेला यान व्हान लायडन राजा झाला. एकाला अनेक बायका करायची सक्ती, बायबल सोडून बाकी पुस्तकं जाळली, स्वतःच्या एका बायकोचं डोकं भर बाजारात उडवलं. तुमची ती सहानुभूती तिच्या वाट्याला किती येणार सांगा आधी.

विंगेतला: येऊ दे की, नाही कोण म्हणतंय! पण हे लिहिलं कोणी तेही बघा. हे लिहून ठेवणारा ग्रेसबेक सुतार आत होता खरा, पण शहरात घुसायची वाट बिशपच्या सैन्याला त्यानेच दाखवली. तो स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवणारच.

प्रॉम्प्टर: पण त्याच ग्रेसबेकमुळे कळतं की वेढा पडलेला असताना कॅथेड्रलमध्ये बायबलमधल्या श्रीमंत माणूस आणि लाझरच्या गोष्टीचं नाटक झालं!! राजा मूळचा शिंपी, पण लायडनमध्ये हौशी नाटकं केलेला. स्विस नाटककार ड्युरेनमाटने १९४७ ला झ्युरिकमध्ये पहिलं नाटक याच विषयावर केलं तर थिएटरात आरडाओरडा झाला, मग वीस वर्षांनी परत लिहिताना त्याने राजाला पडेल नट केलं आणि सरळ कॉमेडी म्हणून टाकलं. मला तरी हेच पटतं.

तिसरी घंटा: कॉमेडी केली की प्रेक्षक सुटला, हसून घरी.

विंगेतला: इथे मात्र तुमच्याशी सहमत. फक्त बिशपलाही सोडू नका, जानेवारी १५३६ मध्ये राजा आणि त्याचे दोन साथीदार अशा तिघांना तापलेल्या चिमट्यांनी हालहाल करून मारलं ते त्याच्याच बाजूने. त्यांची प्रेतं ज्यात टांगली ते पिंजरे अजून लटकतायत लाम्बेर्टी चर्चच्या मनोऱ्यावर.

प्रॉम्प्टर: मग पिंजरे पहिल्या अंकापासूनच वर लटकवून ठेवा, रिकामे.

तिसरी घंटा: आणि त्या बायकोला दोन वाक्यं द्या निदान.