४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे की नाही? प्रोग्रॅम हो म्हणतोय पण ६४१ ने भाग जातोय

मंडळी मदत हवी आहे, दोन दिवस डोकं खाजवतोय. संख्या मूळ आहे का ते बघणारा छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, फर्माच्या छोट्या प्रमेयावरून, म्हणजे न ही विषम संख्या मूळ असेल तर २ चा (न-१) वा घात घेऊन न ने भागलं की बाकी १ उरते. ९९७ ला हो म्हणाला, १०००००००७ ला हो, ९१ आणि १००१ ला नाही, सगळं बरोबर.

मग मजा म्हणून २ चा ३२ वा घात अधिक १ टाकला. आधी तर त्याचा नुसता १ झाला, कारण ३२ बिटांत मावत नाही (ते माझं मलाच कळलं, हसू नका). मग मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी लावली तर उत्तर आलं, मूळ आहे. खात्रीसाठी साधा भागाकाराचा लूप चालवला तर तो ६४१ ला थांबला! कागदावर पण करून पाहिलं, ६४१ × ६७००४१७ बरोब्बर तेवढेच येतात. मिलर-रॅबिन (याच प्रमेयावरची जास्त कडक चाचणी) २ घेऊन केलं तरी तेच, मूळ. कोड कुठे गंडलाय?

उत्तर: कोड ठीक आहे, पाया (ज्या संख्येचा घात घेता ती, इथे २) चुकलाय. तुमच्या न साठी २ चा ३२ वा घात म्हणजे न-१, म्हणजे बाकी -१ धरा. वर्ग केला की ६४ व्या घाताला १. आणि न-१ हाच २ चा ३२ वा घात असल्यामुळे त्याला ६४ ने भाग जातोच, मग बाकी १ येणारच, संख्या मूळ असो वा नसो. पाया ३ घेऊन बघा. आणि नुसत्या फर्मावर विसंबू नका, ५६१ सारखी संख्या तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या प्रत्येक पायाला फसवते. मिलर-रॅबिन २, ३, ५, ७, ११ घेऊन केलं तर दोन लाख कोटींपर्यंत चुकत नाही. बाकी वाईट वाटून घेऊ नका, खुद्द फर्माला ही संख्या मूळ वाटायची, १७३२ मध्ये ऑयलरने हाच ६४१ काढून दाखवला.

३ ने केलं, बाकी १ नाही आली, सुटलं एकदाचं, थँक्यू! पण ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे, मग ऑयलर काय हाताने ११६ भागाकार करत बसला होता का?

उत्तर: छे हो. वरचंच बघा, या न च्या कुठल्याही मूळ विभाजकाने भागलं तरी २ चे घात ६४ व्याला पहिल्यांदा १ वर येतात, म्हणून विभाजकातून १ वजा केला की ६४ ने भाग जायलाच हवा. तसल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१.

पाच?? आणि माझा लूप २ पासून सुरू होता.