विषमता कमी करायची तर पीएचडी करायची की पाड्यावर जायचं?

सातपुड्यातला डॉक्टर
माझ्या भाचीने बीएएमएसनंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, केली. आता आरोग्यातल्या विषमतेवर पीएचडी आणि पुढे प्राध्यापकी, असं तिच्या मनात आहे. तिने मला विचारलं, मी सरळ "नको" म्हणालो. ती दुखावली, म्हणून हा धागा. चुकत असेन तर सांगा.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं आहे. एवढ्या काळात चार पाहण्या होऊन गेल्या. पोरांची वजनं झाली, दंडघेर मोजले, बायकांच्या बोटातून रक्त घेतलं. त्यातल्या तीन पाहण्यांचं पुढे काय झालं ते ना मला कळलं, ना पाड्यांना. चौथ्या पाहणीवरचा शोधनिबंध नेटवर सापडला. इंग्रजीत होता आणि वाचायला पैसे मागत होता. ज्या बाईने चुलीवरचं काम टाकून दोन तास उत्तरं दिली, तिचं हिमोग्लोबिन किती निघालं हे तिला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. माझ्या शेजारच्या केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी आहे. पोरीने तिथे यावं, एवढंच मला वाटतं.

मोजमाप
डॉक्टर, त्या चार पाहण्यांची बाजू मी घेणार नाही. रक्त घेऊन निकाल न सांगणं हा गुन्हाच आहे. पण "नको" हे उत्तर मला पटत नाही.

गडचिरोलीचं बघा. 1988 मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आपल्या गावांतले मृत्यू मोजले, तेव्हा हजार जन्मांमागे 121 बाळं वर्षाच्या आत जात होती. नव्वदच्या दशकात त्यांनी 39 गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तुलनेला 47 गावं ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या हिशेबाने 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. जंतुसंसर्ग झालेलं बाळ दवाखान्यातच वाचू शकतं, अशी तोवर तज्ज्ञांची ठाम समजूत होती. ती 47 गावं नसती तर खेड्यातली बाई बाळ वाचवते यावर दिल्लीत कुणी विश्वास ठेवला नसता. 2011 मध्ये घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर आला तो याच पायावर.

आणि राणीताई बंगांचा 1989 चा अभ्यास. दोन गावं, 650 बायका. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि तपासणी त्याआधी फक्त 8 टक्क्यांची झालेली. या बायका तुमच्या ओपीडीत कधीच दिसल्या नसत्या. जी येतच नाही तिचा केसपेपर निघत नाही.

गटप्रवर्तक ताई
मी आधी आशा होते, आता आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक आहे. दादा, तुम्ही सांगितलेला कार्यक्रम आम्हीच राबवतो, म्हणून पुढचं मी सांगते.

गडचिरोलीच्या आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसीन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायच्या. देशभर कार्यक्रम गेला तेव्हा आशांच्या हातात वजनकाटा, थर्मामीटर आणि बाळाला दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी आली. इंजेक्शन गळलं. बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी, त्याचे 250 रुपये. बाळ थंड पडलंय हे आम्हाला कळतं, पण रात्री गाडी घाटात चढत नाही. मग कुणीतरी अभ्यासाला येतं आणि आशांचं ज्ञान कमी पडतं असं लिहून जातं. जे इंजेक्शन गळलं त्याच्यासाठी भांडणारा प्राध्यापक मला अजून भेटलेला नाही. तशी कुणी होणार असेल तर त्या पोरीला जरूर शिकू द्या.

कोरडवाहू
बंगांचं उदाहरण पीएचडीच्या बाजूने कसं चालतं? ते गडचिरोलीत राहिले. विद्यापीठातली बढती त्यांच्या मनातही नव्हती. इथे प्रश्न करिअरचा आहे.

मी सहा वर्षं एका संस्थेत प्रकल्प अधिकारी होतो. अकरा-अकरा महिन्यांचे करार. पैसे देणारा बदलला की विषय बदलायचा: आधी क्षयरोग, मग पोषण, मग मधुमेह. गावातल्या बाया घरात बोलावून चहा द्यायला लागायच्या, तेवढ्यात प्रकल्प संपायचा. बढतीसाठी शोधनिबंध मोजतात. त्या गावात एक तरी मूल कमी मेलं का, हे कुणी विचारत नाही. मी सोडून दिलं आणि मला पश्चात्ताप नाही.

मोजमाप
बंग दोघेही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले. जामखेडला गावोगावी आरोग्याचं काम उभं करणारे डॉक्टर आरोळे पती-पत्नीही तिथलेच. कार्ल टेलर नावाचा एक प्राध्यापक या सगळ्यांच्या पाठीशी होता. प्राध्यापकी नको म्हणणं म्हणजे पुढचे आरोळे कुणी घडवायचेच नाहीत असं होतं.

आरोग्यातली विषमता मोजणारे ब्रिटिश संशोधक मायकेल मार्मट तर आयुष्यभर विद्यापीठातलेच. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास 1967 ला सुरू झाला. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना मोफत उपचार, तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर वरच्यांच्या तिप्पट. दवाखाना उघडला की विषमता संपते हा समज तिथे मोडला. डॉक्टर, तुमच्या शेजारची जागा भरली तरी हा प्रश्न राहतोच.

कोरडवाहू
त्याच मार्मटांनी 2010 मध्ये इंग्लंडच्या सरकारला विषमता कशी कमी करायची याचा अहवाल दिला. 2020 मध्ये पुन्हा पाहिलं तर आयुर्मानाची वाढ थबकलेली आणि सर्वांत गरीब वस्त्यांतल्या बायकांचं आयुष्य उलट घटलेलं. मोजणारा जगातला सर्वांत नावाजलेला माणूस होता, आणि तरी हे झालं.

मोजमाप
हो, झालं. पण झालं हे आपल्याला कळलं, ते कुणीतरी दहा वर्षांनी परत जाऊन मोजलं म्हणून. यापुढे माझ्याकडेही उत्तर नाही. सरकारने ऐकलं नाही.

भाची
मामा, धागा वाचला. मी काय करणार आहे ते तू विचारलंच नव्हतंस.

आपल्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. बाळंतीणही जाते, पोटुशीही जाते. जे बाळ तिकडे फडातल्या पालात जन्मतं आणि आठवड्यात जातं, ते आपल्या आशाच्या वहीत नसतं. तिकडच्या आशाच्या वहीत ती बाई परकी असते. मला दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवून ही बाळं शोधायची आहेत. त्यासाठी एकाच केंद्रात बसून चालणार नाही. ताईंनी इंजेक्शनचं लिहिलंय ते मी उतरवून घेतलंय.

सातपुड्यातला डॉक्टर
रात्री केंद्रातलं मागच्या वर्षीचं जन्म-मृत्यू रजिस्टर काढलं. डिसेंबर ते मार्च आमच्याकडे बालमृत्यू सर्वांत कमी आहेत. अकरा वर्षं मी बैठकीत हा आकडा चांगलं काम म्हणून वाचून दाखवत आलोय. मार्चअखेर टोळ्या परततात तेव्हा ये. वह्या मी काढून ठेवतो.