मेंटॉर सिस्टरसुद्धा असू शकते
मेडिकलच्या पोरांचा मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, सीनिअर डॉक्टरच हवा असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. नाशिकला इंटर्नशिप चालू असताना एका तान्ह्या बाळाची शीर सापडेना, दोनदा टोचून झालं, बाळ रडून लालेलाल, तेव्हा नाइटच्या सिस्टरनी लाइट बंद केला, टॉर्च बाळाच्या तळहाताखाली धरला, म्हणाल्या आता बघा डॉक्टर, घाई नको, आणि शीर खरंच काळ्या रेघेसारखी दिसली! डब्ल्यूएचओने २०१० मध्येच सांगितलंय की आरोग्याच्या वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून शिकावं. आपल्या नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओ सगळंच येतं, मग या पोरांची पहिली ओळख थेट वॉर्डातच का व्हावी? निदान सुरुवातीच्या ओळखीच्या वर्गांचे, म्हणजे फाउंडेशन कोर्सचे, दोन दिवस तरी एकत्र घ्या ना.