मदत हवी आहे: फ्रँकफर्ट विमानतळ ते रोटेनबुर्ग, आईसोबत रेल्वेने

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये एका शुक्रवारी दुपारी दीडला मी आणि आई (वय ६८, गुडघ्याचा त्रास) मुंबईहून फ्रँकफर्टला उतरतोय. तिथून रोटेनबुर्ग ऑब डेर टाउबरला मित्राकडे जायचंय. त्याच्याकडे गाडी नाही आणि एवढ्या लांबची टॅक्सी परवडणार नाही. सामान दोन मोठ्या बॅगा.

जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपवर पाहिलं: विमानतळावरून आयसीईने (लांब पल्ल्याची वेगवान गाडी) व्युर्झबुर्ग, तिथून लोकल गाडीने श्टाइनाख, मग छोट्या गाडीने रोटेनबुर्ग. श्टाइनाखला गाडी बदलायला मोजकीच मिनिटं मिळतात. माझी खरी काळजी तिथलीच आहे, कारण आईला बॅगांसकट जिना चढवणं शक्य नाही.

स्वस्त श्पारप्राइस तिकीट ठरलेल्या आयसीईलाच चालतं. रेल्वेला उशीर झाला तर ते बंधन सुटतं, पण विमानाला झाला तर नाही, एवढं वाचलंय. डॉइचलांड तिकीट (लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) आयसीईला चालत नाही, म्हणून ते सोडलं. व्युर्झबुर्गपासून बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यातल्या लोकल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट) काढायचाही विचार केला, पण तिकिटं वेगळी झाली की वाटेत गाडी चुकल्यास हक्क उरत नाहीत अशी धास्ती वाटते. रात्री फ्रँकफर्टला मुक्काम नको, मित्र जेवायला थांबणार आहे.

हा प्रवास केलेल्यांनी कृपया सांगा: श्टाइनाखला फलाट बदलताना जिना लागतो का, की उतार किंवा लिफ्ट आहे? आणि इमिग्रेशन, बॅगा धरून साडेचारनंतरची आयसीई घेऊन श्पारप्राइस काढणं पुरेसं सुरक्षित आहे, की महाग असलं तरी कुठल्याही गाडीला चालणारं फ्लेक्सप्राइसच घ्यावं?