नाळेतलं रक्त साठवायचं का? कुठली बँक घ्यावी?

नवाबाबा_नाशिक:
बायकोला सातवा महिना लागलाय. सोनोग्राफीला गेलो तर बाहेरच कॉर्ड ब्लड बँकेचा माणूस चिकटला. बाळाच्या नाळेतल्या स्टेम सेल्स जपून ठेवतो म्हणे, ८० आजारांवर उपाय, साठ हजार रुपये, हप्त्यांची सोय. वर एक रंगीत पुस्तिका आणि बाळाचं टोपडं फुकट. सासूबाई म्हणतात, पोरासाठी पैशाकडे बघू नका. कोणी केलंय का? कुठली बँक चांगली?

दोन_पिल्लं:
आम्ही थोरल्याच्या वेळी केलं. उपयोग अजून झाला नाही आणि होऊही नये! विमा समजून सोडून दिलं.

रक्तपेढीवाला:
पंधरा वर्षं लॅबमध्ये काढलीत, म्हणून जरा लांबण लावतो. नाळेत मुख्यतः रक्ताच्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल्स, असतात. त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तयार होतात. पुस्तिकेत मेंदू, हृदय, मधुमेह असलं काही छापलं असेल तर त्यावर काट मारा. शरीरातली पेशी एकदा एका वाटेला लागली की आपणहून सहसा मागे फिरत नाही. तिला मागे फिरवता येतं हे जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून दाखवलं, २०१२ मध्ये नोबेलही मिळालं. पण त्याला नाळ लागतच नाही, मोठ्या माणसाच्या कातडीची पेशीसुद्धा चालते.

आता ते ८० आजार. यादी खोटी नसते, पण त्यातले बरेच जन्मजात असतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घ्या. बाळाला तो असेल तर नाळेतल्या पेशींतही तोच दोष असणार. स्वतःचंच रक्त परत देऊन काय साधणार? १९८८ मध्ये पॅरिसला नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण झालं, तेव्हाही आजारी मुलाला रक्त मिळालं ते त्याच्या नवजात बहिणीचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असंच म्हटलंय. "विमा" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं, राग नसावा.

अपवाद एकच: थोरल्या भावंडाला असा आजार असेल तर धाकट्याची नाळ जरूर ठेवा. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण, प्रत्यारोपणाला ती जुळावी लागते) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तुमच्या घरात कोणाला रक्ताचा काही आजार?

नवाबाबा_नाशिक:
पहिलंच बाळ आहे. आजार असा नाही. बायकोच्या तपासणीत "थॅलेसेमिया मायनर" आलं होतं, पण डॉक्टर म्हणाले तिला काही त्रास नाही. माझी तपासणी करायला सांगितलेली, ती राहूनच गेली.

रक्तपेढीवाला:
अहो, हे आधी सांगायचं! बँकेचं राहू द्या, उद्या सकाळी जाऊन एचपीएलसी करून या. साधी रक्ताची तपासणी आहे. तुम्ही मायनर, म्हणजे नुसते वाहक, नसाल तर बाळाला मेजर, म्हणजे खरा आजार, होण्याची भीती जवळपास उरत नाही. दोघंही असाल तर दर गरोदरपणी चारात एक.

लेकीची_आई:
माझी मुलगी मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवत होतो, शिवाय अंगात साठणारं लोह काढायला रोजच्या गोळ्या. धाकट्याचं एचएलए जुळलं आणि बोन मॅरो (हाडांतला मगज, त्यात रक्त तयार होतं) प्रत्यारोपण झालं. तेव्हा त्याची नाळ वगैरे काही साठवलेली नव्हती, त्याचाच मॅरो घेतला. मॅरो काढून झाल्यावर तो दोन दिवसांत घरभर हुंदडत होता. जुळणारं भावंड आहे आणि खर्च झेपत नाही अशांसाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, दहा लाखांपर्यंत मदत मिळते, त्याचीही माहिती असू द्या. आणि भाऊ, टाळाटाळ करू नका. आम्हाला लग्नाआधी कोणी ही तपासणी सांगितलीच नव्हती.

वैनगंगा:
एक राहिलं. प्रसूतीनंतर नाळ लगेच चिमटू नये, निदान मिनिटभर थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते रक्त बाळाच्या अंगात जातं, लोह वाढतं. तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. याला साठ हजार लागत नाहीत.

नवाबाबा_नाशिक:
सकाळी रक्त देऊन आलो. रिपोर्ट परवा. त्या माणसाचा दोनदा फोन येऊन गेला, उचलला नाही. सासूबाईंना अजून काही बोललो नाही, टोपडं मात्र त्यांनी धुऊन ठेवलंय.