सँपलला 'नमुना' म्हणावं का?

धागाकर्ती: लेक नववीत. प्रकल्प – 'वर्गातली मुलं रात्री किती वाजता झोपतात'. सहा जणींना विचारून बाईसाहेब मोकळ्या. सातवीतला धाकटा लगेच म्हणाला, "सगळ्या तुझ्या रिक्षातल्या! रिक्षा सव्वासहाला येते, त्या लवकरच झोपणार ना!" वहीत सँपलला काय लिहावं? नमुना, वानगी, मासला?

प्रतिसाद १: वानगी नको. ती दाखवायची असते, म्हणून तर 'वानगीदाखल', आणि दाखवणारा चांगलं तेच दाखवतो. आंब्याच्या पेटीतला वरचा थर ही वानगी. धाकट्याची तक्रार साधारण तीच. मासला बहुतेक वेळा तिरकसच येतो.

प्रतिसाद २: रूढ शब्द नमुनाच. पण पोरं "काय नमुना आहे!" कुणाला म्हणतात? जो इतरांसारखा अजिबात नाही, त्याला. सांख्यिकीला हवा नेमका उलटा :)

प्रतिसाद ३: शितावरून भाताची परीक्षा विसरलात? शीत कुणी निवडून काढत नाही, हाताला लागेल ते.

प्रतिसाद १: एक शीत पुरतं, कारण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलाय. तरी आई वरचं एक, तळचं एक दाबून बघते. वर्गातल्या पोरांच्या झोपा कुठे एका पातेल्यात शिजतात?

प्रतिसाद ४: आणि किती शितं, हेही आहेच. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये छापलेलं कोडं: मोठ्या रुग्णालयात रोज साधारण ४५ बाळं जन्मतात, छोट्यात १५. वर्षभरात ६० टक्क्यांहून जास्त मुलगे जन्मल्याचे दिवस कुठे जास्त? कॉलेजातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी 'सारखेच' म्हटलं. हिशेब केला तर छोट्यात सुमारे ५५ दिवस, मोठ्यात २५ च्या आसपास. माझ्या भाचीला विचारलं तर म्हणाली, "छोट्यात. थोडेच असले की इकडचं तिकडे होणारच." दहावीला आहे, 'प्रमाण विचलन' (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) अजून शिकलेली नाही. मला तर 'चढउतार' या शब्दापेक्षा हे 'इकडचं तिकडे'च आवडलं.

प्रतिसाद २: आमच्याकडे 'उन्नीस-बीस' म्हणतात. हिंदीतलं आहे, पण चालतं.

धागाकर्ती: वहीत 'नमुना' लिहिलं. आता हजेरीपटातल्या दर चौथ्या नावाला विचारणार आहे. त्यात रिक्षातली एकच आलीय, आणि तिच्याशी सध्या भांडण.