आधी पान उलटून बघा

झाडाच्या पानावर ठिपके दिसले की हवेत ओझोन हा प्रदूषक वायू वाढलाय, असं काहीजण म्हणतात. इतकी घाई नको. ओझोनचे बारीक ठिपके बहुधा पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत येतात. शिरा हिरव्याच राहतात. जुन्या पानांवर जास्त, कोवळ्यांवर कमी.

ओझोन ओळखायला बेल-डब्ल्यू ३ ही ओझोनपुढे नाजूक असलेली तंबाखूची जात लावणार असाल, तर शेजारी ओझोन सोसणारी बेल-बी ही जात हवीच. तुलनेशिवाय काही कळत नाही. आणि पाणी कमी पडू देऊ नका! तहानलेलं झाड पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) मिटून घेतं, ओझोन आत फारसा शिरतच नाही आणि पान उगाच निरोगी दिसतं.

फक्त भर चौकात कुंडी ठेवून भागणार नाही. तिथे गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन संपवतो. शहराच्या कडेलाही एक ठेवा, तिथे ओझोन अनेकदा जास्त असतो.